जुन्या एलईडी लाईटसाठी टाईप-सी चार्जिंग मॉड्यूल: चांगलंय, पण केबल बघून

बाईकखाली बघायला वापरतो तो चार्जिंगचा लाईट दहा मिनिटांत मान टाकायला लागला. उघडला तर आतली ४ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी पोट फुगवून बसलेली. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून टीपी४०५६ चं प्रोटेक्शनवालं मॉड्यूल (लिथियम सेल चार्ज करणारा छोटा टाईप-सी बोर्ड), एक १८६५० लिथियम सेल आणि होल्डर आणला. जुनं २३० व्होल्टचं चार्जिंग सर्किट आधी पूर्ण काढा हां, ते लिथियमला लावणं म्हणजे आगीशी खेळ. हे मॉड्यूल ४.२ व्होल्टला आपोआप चार्जिंग थांबवतं, त्यावरचा लाल दिवा जाऊन निळा लागतो, झालं.

खटकलं ते वेगळंच. लॅपटॉपच्या सी टू सी (दोन्ही टोकांना टाईप-सी) केबलने ढिम्म चार्ज होईना, मला वाटलं सोल्डरिंग गंडलं, अर्धा तास तेच तपासत बसलो आणि शेवटी मोबाईलच्या जुन्या यूएसबी ए वाल्या केबलने लगेच चालू (सी टू सी केबलने वीज मिळायला मॉड्यूलवर दोन रेझिस्टर लागतात, त्यांची कंजुषी, दुसरं काय!). १ अँपिअरने चार्ज होताना मॉड्यूल चांगलंच तापतं, मी ग्लू गनने चिकटवलेलं ते सुटून आत खुळखुळत होतं, आता स्क्रूने बसवलंय.

परवा लाईट गेली तेव्हा आईने त्याच उजेडात सगळ्या भाकऱ्या थापल्या.