लो-फ्लक्स की हाय-फ्लक्स? डायलायझर निवडताना

नियमित डायलिसिस सुरू झालं की कधीतरी टेक्निशियन विचारतो, "हाय-फ्लक्स लावायचा का? थोडा महाग पडेल." घरचे एकमेकांकडे बघतात. महाग म्हणजे चांगला, असं धरून बरेच जण हो म्हणतात. ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

डायलायझर म्हणजे डायलिसिस मशीनला जोडलेली, रक्त गाळणारी नळी. बाहेरून लो-फ्लक्स आणि हाय-फ्लक्स दोन्ही सारखेच दिसतात. आत दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतूंची जुडी असते. आज बहुतेक तंतू पॉलिसल्फोनचे किंवा त्याच्याच कुळातल्या पॉलिमरचे असतात. तंतूचा आतला व्यास साधारण 200 मायक्रॉन. रक्त आतून वाहतं, डायलिसेट (रक्तातली घाण ओढून घेणारं क्षारांचं पाणी) बाहेरून उलट दिशेने. फरक आहे तो भिंतीतल्या छिद्रांचा: हाय-फ्लक्समध्ये ती मोठी असतात. पॉलिमरचं द्रावण बारीक तोटीतून पाण्यात सोडलं की द्रावक बाहेर पडतो, पॉलिमर घट्ट होतो आणि मध्ये छिद्रं राहतात. ती किती मोठी राहणार, हे द्रावणाच्या कृतीवर ठरतं.

युरियाचा रेणू 60 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), क्रिएटिनिनचा 113चा. एवढे लहान रेणू दोन्ही प्रकारांतून जवळपास सारखेच निघतात, त्यामुळे युरियाच्या रिपोर्टवरून हाय-फ्लक्सचा फायदा दिसणार नाही. खरी परीक्षा बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाची: 11,800 डाल्टन. लो-फ्लक्समधून ते जवळजवळ जातच नाही, हाय-फ्लक्समधून बऱ्यापैकी जातं. वर्षानुवर्षं साचलं तर ते सांध्यांत बसतं, मनगटातली नस दाबली जाते, हाताला मुंग्या येतात.

मग हाय-फ्लक्सने आयुष्य वाढतं का? अमेरिकेतल्या 'हेमो' चाचणीत (2002, 1,846 रुग्ण) एकूण मृत्युदरात ठोस फरक दिसला नाही. मात्र आधीच 3.7 वर्षांहून जास्त काळ डायलिसिसवर असलेल्यांच्या गटात फायद्याची चिन्हं होती. युरोपातल्या 'एमपीओ' चाचणीत (2009) रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरमागे 4 ग्रॅम किंवा त्याहून कमी असलेल्यांना फायदा झाला, आणि नंतरच्या विश्लेषणात मधुमेहींनाही. म्हणून दात्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या असतील आणि काही महिन्यांत ट्रान्सप्लांट ठरलं असेल, तर लो-फ्लक्सवर भागतं. लांबचा पल्ला असेल, मधुमेह असेल, अल्ब्युमिन खाली असेल, तर मी हाय-फ्लक्सकडे झुकेन. अखेरचा शब्द अर्थात नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरचा.

पण त्याआधी सेंटरचं पाणी. मोठ्या छिद्रांच्या तंतूत रक्त शेवटाकडे जाताना दाब उतरतो आणि काही डायलिसेट उलटं रक्तात शिरतं. त्या पाण्यात जिवाणूंची विषद्रव्यं असतील तर थंडी वाजते, ताप येतो. कधी काही जाणवत नाही, पण अंगात सूज धुमसत राहते. शुद्ध पाणी लो-फ्लक्सलाही लागतंच, हाय-फ्लक्सला अधिक काटेकोर लागतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटची एंडोटॉक्सिन (म्हणजे याच विषद्रव्यांची) तपासणी शेवटची कधी झाली, हे बिनधास्त विचारा. उत्तर गोलमोल आलं तर जास्तीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

दुसरी गोष्ट रियूजची. आपल्याकडे एकच डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा लावण्याची पद्धत सर्रास आहे. ब्लीच वापरलं तर काही हाय-फ्लक्स तंतूंची छिद्रं सैल होऊन अल्ब्युमिन गळतं. ब्लीचशिवाय नुसतं पेरासेटिक ॲसिड वापरलं तर छिद्रांत प्रथिनं अडकून राहतात आणि ज्यासाठी पैसे मोजले तो बीटा-2 नीट निघत नाही. तंतूंच्या आतल्या पोकळीचं एकूण आकारमान मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की डायलायझर टाकून द्यायचा, हा नियम दोन्हींना लागू.

आणि खर्चामुळे आठवड्याला दोनच फेऱ्या होत असतील, तर पैसा आधी तिसऱ्या फेरीवर घाला. रक्तात साचणारा फॉस्फरस उतरायला छिद्रांपेक्षा मशीनवरचे तास जास्त उपयोगी पडतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. त्यात कोणता डायलायझर लावतात, हे मात्र सेंटरवरच विचारावं लागेल.

क्वचित कुणाला पॉलिसल्फोनच सोसत नाही. डायलिसिस सुरू होताच दम लागतो, रक्तदाब कोसळतो. तिथे फ्लक्सचा प्रश्न बाजूला ठेवून सेल्युलोज ट्रायॲसिटेटचे तंतू मागवावे लागतात.