कुबडी घेऊन आलेल्या माणसाने मला ७७,००० रुपयांना बुडवलं

लिहायची लाज वाटते. पण मी गप्प बसले तर उद्या तो तुमच्या घरी चहा पीत बसलेला असेल.

मी कळव्यात राहते, नोकरी तुर्भ्याला. उजव्या पायाला पोलिओ, यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर, ६० टक्के. सोळा वर्षं ठाणे स्टेशनचा पूल चढून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडतेय. आता खांदाही जातोय, म्हणून कर्ज काढून गाडी घ्यायची ठरवली. किंमत ६,४८,०००. पेट्रोलच्या गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ७१,२८० रुपये. अपंगांसाठी बदल केलेल्या गाडीला तो माफ होतो. शिवाय तेव्हा जीएसटी आपल्याला २८ऐवजी १८ टक्के लागायचा. हे सगळं मला माहीत होतं, मी काही अडाणी नाही. पण आरटीओत दोनदा गेले. एकदा 'आधी गाडी घ्या, मग बघू', दुसऱ्यांदा 'साहेब रजेवर'. रिक्षाचे पैसे आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला तो वेगळाच.

दुसऱ्या वेळी गेटबाहेर तो भेटला. काखेत कुबडी. 'ताई, दिव्यांगची फाइल का? मीपण त्यातलाच.'

शनिवारी, ८ फेब्रुवारी २०२५ ला तो घरी आला. आईला मावशी म्हणाला. टेप काढून पायाला आधार म्हणून बांधते त्या माझ्या कॅलिपरची लांबी मोजली, गुडघ्यापासून सीटपर्यंतचं अंतर वहीत लिहिलं, हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा दांडा कुठे बसेल ते खुर्चीवर बसवून दाखवलं. इतकी नीट चौकशी माझी आजवर कोणी केली नव्हती. फाइलचे २,५०० त्याच दिवशी दिले. मग जीएसटी सवलतीच्या सर्टिफिकेटचे १८,०००. हँड कंट्रोलचे अर्धे, २४,५००. शेवटी टॅक्समाफीचं 'परत मिळणारं डिपॉझिट' ३२,०००. जो कर माफ व्हायचा होता, त्याहून जास्त पैसे मी त्याला दिले. कर माफ करून घ्यायला डिपॉझिट कसलं, हे मी एकदाही विचारलं नाही.

आणि खरी गोष्ट सांगते. येताना कुबडी त्याच्या डाव्या काखेत होती. जाताना जिना उतरला तेव्हा उजव्या. मी दारात उभी राहून बघत होते. तीस वर्षं कॅलिपर घालणाऱ्या बाईला हे कळत नाही? कळलं. पण लोकलच्या अपंगांच्या डब्यात 'तुम्हाला काय झालंय, धडधाकट तर दिसता' हे मी इतक्यांदा ऐकलंय, की दुसऱ्या अपंगावर संशय घेणं मला पाप वाटलं. त्याला नेमकं हेच माहीत होतं.

सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. शोरूममधल्या मुलाने एका मिनिटात सांगितलं, 'मॅडम, यावर आरटीओचा शिक्का आहे. हे दिल्लीच्या अवजड उद्योग मंत्रालयाकडून येतं, अर्ज ऑनलाइन असतो.' त्या कुबडीवाल्याला फोन लावला, बंद. पैसे सगळे एका बाईच्या यूपीआयवर गेलेले. तेव्हाही मी नाव वाचलं होतं, 'वहिनीचं खातं' म्हणाला होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा १९ दिवस उलटले होते. खात्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही त्याच तासाला करा, लाजेपायी थांबू नका.

पोलिसांचं काय सांगू? एका ठाण्यात म्हणाले, त्याने पत्ता वाशीचा दिलाय, नवी मुंबईत जा. तिथे गेले तर म्हणाले, पैसे कळव्यातून गेले, ठाण्याची हद्द. गुन्हा कुठेही घडो, झीरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात घ्यावाच लागतो, हे मी त्यांना सांगायचं? सायबरचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'खाली येऊन जबाब घ्या' म्हटलं तर हवालदार म्हणाला, 'कॉम्प्युटर वर आहे.' मी कठडा धरून चढले. वर पोहोचल्यावर पहिला प्रश्न, 'शिकलेल्या असून पैसे दिलेच कसे?' आरटीओतही तेच, 'एजंटकडे कशाला गेलात?' तो एजंट तुमच्याच गेटवर उभा असतो, साहेब! तुम्ही रोज त्याच्यासमोरून आत जाता.

यूडीआयडी कार्ड आणि आधारचा फोटो कोणालाही पाठवू नका. माझे दोन्ही त्याच्याकडे आहेत, त्यावर तो काय करेल या विचाराने झोप लागत नाही. गाडीच्या नोंदणीत मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' लिहून घ्या, २०२० पासून तशी सोय आहे. गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नोंद व्हावी लागते. नुसता दांडा बसवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर सगळ्यांनाच १८ टक्के जीएसटी आहे. आता कोणी '१८ टक्के करून देतो' म्हणत पैसे मागितले, तर तो चोर आहे.

माणूस साधारण चाळिशीचा, बोलायला फार गोड, वही निळ्या पुठ्ठ्याची. माझ्या पायाचं माप अजून त्या वहीत आहे. मला परत मंगळवारी जबाबाला बोलावलंय, त्याच दुसऱ्या मजल्यावर.