तेच कटिंग, नवीन कापड: जंपसूट चार महिने वापरल्यावर

सांगली स्टँडवर मिरजेच्या एसटीत चढताना पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि अंगातल्या नव्या जंपसूटची आसनाची शिवण टरकन उसवली. चांगली तीन इंच. पर्स मागे धरून तशीच खाली उतरले, रिक्षा केली आणि घर गाठलं. ऐंशी रुपये रिक्षाला गेले आणि अर्धा दिवस रजा पडली. त्या दिवशी राग कापडावर होता, कटिंगवर होता आणि सगळ्यांत जास्त दुकानदारावर. चार महिन्यांनी पहिले दोन निवळलेत, तिसरा अजून आहे.

कटिंग माझं जुनंच. समोर सात बटणं, कमरेत जोड, दोन्ही बाजूंना खोल खिसे, सरळ पाय. खाकी कागदावर उतरवून ठेवलंय. त्यावरून पहिला जंपसूट रेयॉनचा शिवला आणि दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तरी घातला. पण एप्रिलच्या सांगलीत दुपारी रेयॉन घामाने पाठीला चिकटतं, म्हणून दुसरा कॉटनचा करायचं ठरवलं. कापड पेठेत हळदी रंगाचं, जरा जाड विणीचं कॉटन मिळालं. ४४ इंच पन्हा, १८० रुपये मीटर, चार मीटर घेतलं. इचलकरंजीचा माल असं दुकानात सांगितलं. आटतं का, म्हणून मी दोनदा विचारलं. "ताई, आटवूनच येतंय ते. बिनधास्त शिवा." एरवी मी प्रत्येक कापड रात्रभर भिजवते. या वेळी त्या शब्दावर विसंबून थेट कात्री लावली.

तीन धुण्यांत खेळ कळला. आधी कमरेचा जोड वर सरकल्यासारखा वाटला, मग खांदे ओढायला लागले, आणि चौथ्यांदा घातला तेव्हा एसटीची पायरी आली. घरी आल्यावर उरलेल्या कापडातून बरोबर दहा इंचांचा चौकोन कापला, गरम पाण्यात भिजवला, वाळवला, इस्त्री केली आणि टेप लावली. उभ्या धाग्यात साडेनऊ, आडव्यात पावणेदहा. म्हणजे लांबीत पाच टक्के गेले. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात, पाणी लागलं की तो ताण सुटतो, म्हणून उभ्यात जास्त आटतं. आटवलेलं कापड हे नव्हतंच. सॅन्फोराइज्ड कापड यंत्रावर आधीच दाबून आखूड केलेलं असतं. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएटने १९३० च्या सुमारास ती पद्धत काढली, आणि तसं कापड धुतल्यावर फार तर टक्काभर आटतं. पाच टक्के नाही.

कुर्ता पाच टक्के आटला तर ४४ इंचांचा साधारण ४२ होतो. घालता येतो, कुणाला कळतही नाही. जंपसूटचं तसं नाही. त्यात खांद्यापासून पुढून खाली, आसनातून मागे आणि पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत कापडाचं एक सलग कडं असतं. माझ्या अंगावर ते माप ६० इंच भरतं. कटिंगमध्ये ६३ धरलंय, ते तीन इंच वाकायला, बसायला, पाय उचलायला. ६३ चे पाच टक्के म्हणजे तीन इंच. नेमके तेच तीन गेले! उभं राहिलं की अगदी मापाचा, पाय उचलला की सगळा ताण आसनाच्या त्या एका शिवणीवर. जंपसूट शिवणाऱ्या कुणालाही मी छाती-कमर-सीटच्या आधी हे कडं मोजायला सांगेन. घेर थोडा चुकला तर बाजूची शिवण सोडून निभावतं, हे निभावत नाही.

चौकोन आणि टेप घेऊन दुकानात गेले. "धुतलेलं कापड आम्ही परत घेत नाही." मी पैसे मागितलेच नव्हते. एवढंच म्हटलं की गिऱ्हाइकाला आटवलेलं आहे असं सांगू नका, भिजवून घ्या म्हणा. त्यावर त्यांनी टेपकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढच्या बाईंना ठाण दाखवायला लागले. ७२० रुपयांचं कापड, वर बटणं, दोरा, इंटरलॉक आणि माझे दोन रविवार. मला ते फार लागलं.

इथपर्यंतचा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर 'कॉटनमध्ये हे कटिंग शिवू नका' असंच लिहिलं असतं. पण कुपवाडला मावशीकडे गेले होते. तिने पूर्वी ढिगाने लेंगे शिवलेत. जंपसूट उलटा करून तिने आसनात बोट घातलं आणि म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? लेंग्याला घालतो तसा तुकडा घाल की." तिथेच बसून केलं. चारही शिवणी जिथे भेटतात तिथे उसवलं आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडला. तो कापला त्या मोजलेल्या चौकोनातूनच, कारण तेवढंच कापड आटून झालेलं होतं. शिवण सोडून पुढून मागे साडेतीन इंच भरतो. उरेब, म्हणजे तिरका, कापल्याने थोडा ताणही घेतो. टोकांवर सुई कापडात रोवून ठेवायची, मशीनचा पाय उचलून कापड फिरवायचं, मग पुढे जायचं. घाई केली की टोकाला चुणी पडते, माझी एका ठिकाणी पडलीच. शेवटी सगळीकडून दुसरी शिलाई मारली, १४ नंबरच्या सुईने.

तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा काही उसवलेलं नाही. कमरेचा जोड अजून अर्धा इंच वर आहे, तो तसाच राहणार. पण खांदे मोकळे झाले आणि एसटीची पायरी सहज चढता येते. आणि आता दोन्ही आलटून पालटून घातल्यावर रेयॉनचे दोष दिसायला लागलेत. खिशात मोबाइल ठेवला की तो खिसा लोंबतो, बटणपट्टी लाटेसारखी होते, आणि कापडाच्या वजनाने आसनही खाली उतरलंय. रेयॉन ओलं असताना फार कमजोर असतं, म्हणून पिळताना जीव खालीवर होतो. कॉटनचा तो खिसा मात्र मोबाइल आणि किल्ल्या घेऊनही जागचा हलत नाही. दुपारी दोनला मिरजेहून परतताना पाठ कोरडी नसते, पण कापड चिकटत नाही. त्यासाठीच तर कॉटन घेतलं होतं, खिशाचा फरक मात्र मी आधी धरलाच नव्हता.

ऑफिसात विचारतात, एवढा खटाटोप कशाला, कुर्ता शिव की. मला एकच कपडा घालून बाहेर पडायला आवडतं, ओढणी नको की लेगिंग शोधणं नको. आणि हा पोशाख काटकसरीचाच आहे. फ्लॉरेन्सच्या थायात या कलाकाराने १९१९ मध्ये 'तुता' नावाचा असा सलग पोशाख तयार केला, आणि १९२० मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने त्याचं कटिंग छापलं, लोकांनी घरी स्वस्तात शिवावा म्हणून. ते वाचल्यापासून माझा खाकी कागद मी जास्तच जपते.

त्या कागदावर आता आसनापाशी लाल पेनने शंकरपाळा काढलाय आणि शेजारी 'पुढून मागे ३॥' लिहिलंय. तिसऱ्यासाठी निळं कॉटन दुसऱ्या दुकानातून आणलंय. तिथल्या काकांनी न विचारता सांगितलं, "भिजवून घ्या, आटेल." काल रात्रीपासून ते बादलीत आहे, सोबत दहा इंचांचा चौकोनही.