ईपीच्या नावाखाली फॉईल: तलवारबाजीचं वापरलेलं किट घेण्याआधी हे वाचा

तलवारबाजीचं वापरलेलं साहित्य विकणारा एक माणूस नव्या खेळाडूंच्या पालकांना फसवतो आहे. त्याची सगळी मदार एकाच गोष्टीवर आहे: तलवारबाजीच्या तीन प्रकारच्या तलवारींपैकी (फॉईल, ईपी, सेबर) फॉईल आणि ईपी लांबून सारख्याच दिसतात. दोन्हींचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर, मुठीसकट लांबी जास्तीत जास्त ११० सेंटिमीटर, दोन्हींच्या टोकाला दाबला जाणारा पॉइंट आणि दोन्हींत फक्त टोचूनच गुण. नुसत्या फोटोवरून नवख्याला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. आमचे पैसे गेले. पण त्याहून जास्त संताप मास्कचा आहे, कारण तो माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर चढणार होता.

मुलगी फॉईल खेळत होती, मग ईपीकडे वळली. पांढरं जॅकेट, आतला प्लॅस्ट्रॉन (काखेखालचं संरक्षक अर्धं जॅकेट), चेस्ट गार्ड, ग्लोव्ह हे सगळं दोन्ही प्रकारांत चालतं, त्यामुळे खरं तर ईपी, तिच्या बॉडी वायर (कपड्यांच्या आतून तलवार मशीनकडे जोडणाऱ्या वायर) आणि मोठ्या मापाचा मास्क एवढंच हवं होतं. या माणसाने ‘संपूर्ण ईपी किट’ म्हणून जाहिरात टाकली होती: दोन ईपी, दोन बॉडी वायर, मास्क, मास्क वायर आणि मेटॅलिक जॅकेट. आपण स्वतः स्पर्धा खेळलेले आहोत, असं तो सांगायचा. मी स्पष्ट विचारलं, ‘ईपीला मेटॅलिक जॅकेट कशाला?’ उत्तर आलं, ‘ताई, नियम बदललेत. आता ते नसेल तर पिस्तवर (खेळायच्या पट्टीवर) उभंच राहू देत नाहीत.’ हे धादांत खोटं होतं.

मेटॅलिक जॅकेट फॉईलमध्ये लागतं, कारण तिथे लक्ष्य धड आणि मास्कच्या गळ्यावरच्या कापडाचा खालचा भाग एवढंच असतं. हाताला, पायाला किंवा डोक्याला टोक लागलं तर गुण नाही. धडावर लागलं की धड नसलेल्या जागी, हे गुण नोंदवणाऱ्या मशीनला कळावं म्हणून धडावर धातूच्या धाग्याचं कापड चढवतात. त्यावर टोक लागलं की रंगीत दिवा, बाहेर लागलं की पांढरा. ईपीत डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं शरीर लक्ष्य असतं. मशीनला निवड करायचीच नसते, म्हणून धातूचं कापडही नको आणि ते मास्कला जोडणारी वायरही नको. तुम्हाला कुणी ईपीसाठी मेटॅलिक जॅकेट विकत असेल, तर तो अडाणी तरी आहे किंवा लबाड तरी. दोन्ही बाबतींत व्यवहार तिथेच थांबवा.

पैसे आगाऊ घेण्याआधी त्याने एक व्हिडिओही पाठवला. त्यात तलवार मशीनला जोडलेली, मूठ त्याच्या हातात आणि मशीनवर हिरवा दिवा लागलेला. ‘बघा, चालू आहे.’ पात्याचं टोक मात्र फ्रेमच्या बाहेर होतं. हा व्हिडिओ बिनकामाचा का, ते समजून घ्या. ईपीच्या पात्याच्या खोबणीतून दोन तारा टोकापर्यंत जातात. एरवी त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात. टोक दाबलं की जोडल्या जातात आणि दिवा लागतो. म्हणजे त्या दोन तारा वाटेत कुठेही जोडल्या, तरी दिवा लागणारच. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनच्या तलवारबाजीत सोव्हिएत खेळाडू बोरिस ओनिश्चेन्को नेमकं हेच करताना पकडला गेला. त्याने तलवारीच्या मुठीत बटण लपवलेलं होतं. टोक लागलं नाही तरी दिवा लागायचा. ब्रिटनच्या खेळाडूंना संशय आला, तलवार उघडली गेली आणि तो बाद झाला. ऑलिंपिकमध्ये जे जमू शकलं, ते घरी काढलेल्या व्हिडिओत जमवायला कितीसा वेळ लागणार?

खोकं आलं, ते आम्ही मुलीच्या प्रशिक्षक सरांकडे नेलं. सरांनी दोन्ही तलवारी शेजारी ठेवल्या आणि गार्डकडे (मुठीपुढच्या वाटीकडे) पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पातं चिमटीत धरून फिरवलं. ईपीचं पातं आडव्या छेदात त्रिकोणी असतं, जाड आणि ताठ. फॉईलचं चौकोनी असतं, सडपातळ आणि जास्त लवचीक. एक पातं त्रिकोणी निघालं. दुसरं चौकोनी. म्हणजे फॉईलच्या पात्यावर ईपीचं मोठं गार्ड चढवून आम्हाला ती ईपी म्हणून विकली होती. हे करता येतं, कारण पात्याचा मागचा दांडा दोन्हींत सारखाच बसतो. फॉईलचं गार्ड १२ सेंटिमीटरच्या आत असतं, ईपीचं १३.५ पर्यंत जातं, कारण ईपीत हातही लक्ष्य आहे आणि तो झाकावा लागतो. नवखा माणूस गार्डच बघतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग टोक. ईपीचा पॉइंट ८ मिलिमीटर रुंद असतो, फॉईलचा साडेपाचच्या आसपास. शेजारी धरले की लगेच कळतं. खोबणीत तारही एकच होती, कारण फॉईलला एकच लागते. फॉईलचं सर्किट उलट चालतं, ते एरवी जोडलेलं असतं आणि टोक दाबलं की तुटतं. ईपीच्या मशीनला लावून कितीही दाबलं तरी ती तलवार गप्पच राहिली. सोबतच्या बॉडी वायरपैकी एक तर गार्डच्या आतल्या सॉकेटमध्ये शिरेचना. ईपीच्या वायरला दोन्ही टोकांना तीन-तीन पिना असतात. फॉईलच्या वायरला रीलच्या (मशीनकडे जाणाऱ्या तारेच्या) बाजूला तीन, पण तलवारीच्या बाजूला दोनच, आणि जॅकेटला लावायचा चिमटा वेगळा. हा चिमटा दिसला की वायर ईपीची नाही हे समजा.

खऱ्या ईपीचीही अवस्था चांगली नव्हती. ईपीचं टोक ७५० ग्रॅम वजन उचलून धरण्याइतकं कडक लागतं (फॉईलला ५०० ग्रॅम पुरतात). आमच्या तलवारीवर वजन ठेवलं की टोक आत जाऊन तिथेच बसायचं आणि दिवा लागायचा. स्प्रिंग बदलून ते काम झालं, त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. वापरलेल्या तलवारीत एवढं चालायचंच. मेटॅलिक जॅकेट मात्र फॉईलवाल्या कुणाला देण्याच्याही लायकीचं नव्हतं. घामाने धागे काळे पडले होते. नियमाप्रमाणे कापडाच्या कुठल्याही दोन बिंदूंमधला विद्युत विरोध ५ ओहमपेक्षा जास्त नसावा; इथे काखेखाली आणि पाठीवर मीटरला काही लागतच नव्हतं.

आता मास्क. जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय मान्यतेचा, १६०० न्यूटन’ असं लिहिलं होतं. १६०० न्यूटन हा आकडा मास्कखालच्या गळ्यावर येणाऱ्या कापडाचा, म्हणजे बिबचा असतो. तुटलेलं पातं घुसू नये म्हणून ते कापड किती जोर सहन करेल, याचा तो हिशोब. जॅकेटला हाच आकडा वरच्या दर्जात ८०० असतो, खालच्या दर्जात ३५०. असा मास्क बनवणारे लोक हा आकडा कापडात शिवलेल्या टॅगवर देतात. आमच्या मास्कवर तो छापील स्टिकर होता, गोंदाने चिकटवलेला. सरांनी नखाने कोपरा उचलला, तर खाली आधीच्या टॅगची उसवलेली शिवण. मूळ टॅग काढूनच टाकला होता. बिब मऊ पडलं होतं आणि जाळीला कपाळाजवळ खोलगट दाब होता. सरांनी तपासणीचा पंच लावला, १२ किलोच्या जोराने जाळी दाबणारा. जाळीच्या तारा सरकल्या. त्यांनी मास्क बाजूला ठेवला आणि मुलीला सांगितलं, हा पुन्हा हातातही घ्यायचा नाही.

१९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत झालेल्या जखमेने व्लादिमिर स्मिर्नोव हा ऑलिंपिक विजेता फॉईलपटू मरण पावला. प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि मास्कची जाळी भेदून आत घुसलं. आजचे मास्क, कपडे आणि पात्यांचं पोलाद यांचे कडक नियम त्या मृत्यूनंतर आले. ज्याने आमच्या मास्कवर खोटा स्टिकर लावला तो स्वतःला माजी खेळाडू म्हणवतो, म्हणजे त्याला हे माहीत असणारच. मला त्याला माफ करणं जमत नाही.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, ‘फॉईलचा मास्क तर भारीच, तिन्ही प्रकारांत चालतो.’ पात्याचं विचारल्यावर, ‘प्रवासात बदललं असेल.’ मग उत्तरं थांबली आणि खातंही गायब झालं. आम्ही संदेश, पैसे पाठवल्याची नोंद आणि सरांनी केलेल्या तपासणीचे फोटो जोडून तक्रार दिली आहे. खातं बंद होण्याआधी संभाषण जपून ठेवलं नसतं, तर दाखवायला काहीच उरलं नसतं. वाद सुरू झाल्याबरोबर सगळं उतरवून घ्या.

घेणं भागच असेल, तर पात्याच्या मधोमधचा जवळून फोटो मागा, छेद आणि खोबणीतल्या तारा दिसतील असा. व्हिडिओत टोक, त्यावर ठेवलेलं वजन आणि मशीनचा दिवा एकाच फ्रेममध्ये हवेत. तलवारीच्या नुसत्या वजनावर मात्र विसंबू नका: फॉईल ५०० ग्रॅमच्या आत असते, ईपी ७७० ग्रॅमच्या आत, पण खऱ्या ईपीही ५०० च्या खाली भरू शकतात. मास्क मात्र वापरलेला घेऊच नका. बाकी सगळ्यात काटकसर करा, इथे नको.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाने पुन्हा दिसू लागले आहेत, ‘तिन्ही प्रकारांना चालणारं किट’ म्हणून. निळ्या चटईवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारी, मागे उलटा ठेवलेला मास्क, आणि डाव्या कोपऱ्यात गुंडाळलेली बॉडी वायर. फोटो मोठा करून बघा, त्या वायरला चिमटा आहे.