अ‍ॅट्राझिन ओळखणारी नॅनोसोन्याची पट्टी: कामाची, पण मर्यादा ओळखून
पाण्यातलं अ‍ॅट्राझिन हे तणनाशक हुडकणाऱ्या या पट्टीत अँटिबॉडी (ठरावीक रेणूला धरणारं प्रथिन) चिकटवलेले सोन्याचे नॅनोकण असतात. चाचणी स्पर्धात्मक, म्हणजे नमुन्यातलं अ‍ॅट्राझिन आणि चाचणी-रेघेवरचा तसाच रेणू एकाच अँटिबॉडीसाठी झगडतात, म्हणून वाचन उलटं: तणनाशक जितकं जास्त, तितकी चाचणी-रेघ फिकी. नवखे इथेच हमखास चुकतात. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण-रेघ उमटलीच नाही, तर पट्टी बाद. गढूळ पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावं. सामू ७ च्या आसपास हवा. फार आम्लधर्मी नमुन्यात अँटिबॉडीची पकड सुटते आणि रेघ उगीच फिकी पडते. फ्रिजमधलं पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडावं, नाहीतर पट्टी ओल धरते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या अमेरिकेच्या लिटरला ३ मायक्रोग्रॅम या मर्यादेसाठी प्राथमिक चाळणी म्हणून छान, युरोपच्या ०.१ साठी मात्र एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारं प्रयोगशाळेतलं तंत्र) हेच हवं. प्रोपाझिनसारख्या जवळच्या रेणूंनाही अँटिबॉडी धरू शकते, तेव्हा सकारात्मक निकाल (म्हणजे फिकी रेघ) प्रयोगशाळेत पडताळावाच.