कॅसिओ एमजे-१२०डी: एएफएमच्या पेपरासाठी सहा महिने वापरल्यावर

साताऱ्याहून कोरेगावच्या शाखेत मी रोज एसटीने जाते. काउंटरला कॅशवर बसते. बीए मराठी घेऊन केलं, त्यामुळे दहावीनंतर गणिताशी संबंध आला तो बँकेच्या भरतीपुरता. जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचे चारपैकी तीन पेपर पहिल्या खेपेला सुटले. चौथा, अकाउंटिंग अँड फायनान्शियल मॅनेजमेंट फॉर बँकर्स, ज्याला आम्ही सगळे एएफएम म्हणतो, तो ४१ वर अडकला. पास व्हायला ५० हवेत. एकाच खेपेत चारही पेपरांत किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० असली तरी चालतं, पण ४१ ला तीही वाट बंद. पुढच्या खेपेला त्याच पेपरात ६३ पडले. मधल्या सहा महिन्यांत माझ्या अभ्यासात एकच मोठा बदल झाला होता: हा कॅल्क्युलेटर. म्हणून त्याच्यावर सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या खेपेला माझा घोटाळा वेळेचा झाला. १०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. मला सूत्रं पाठ होती. पण १.१ चा पाचवा घात मी कच्च्या कागदावर पायरीपायरीने काढत बसले, आणि शेवटचे चौदा प्रश्न न वाचताच टिकमार्क केले. चुकीला गुण कापत नाहीत म्हणून ते तरी करता आलं. त्याआधी एका ॲपवरचा रेकॉर्डेड कोर्स घेतला होता. सर समजावून छान सांगायचे, पण मधली आकडेमोड ते सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करायचे. परीक्षेला नेता येतो तो बॅटरीवरचा साधा, आठ क्रियांपर्यंतचा, बारा अंकी. (तुमच्या प्रवेशपत्रावरच्या सूचना तुम्ही स्वतः वाचाच.) घाताचं बटण त्यात नसतं. मग घात काढायचा कसा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सीए करणाऱ्या माझ्या मामेबहिणीने ते एका रविवारी दुपारी वीस मिनिटांत दाखवलं.

१०,००० रुपये ८ टक्क्यांनी ५ वर्षांनी किती होतील? १.०८ दाबायचं, मग गुणिले दोनदा. पडद्यावर ‘के’ येतो, म्हणजे तो आकडा गुणायला पक्का धरला गेला. आता ‘बरोबर’ चार वेळा: १.४६९३. म्हणजे १४,६९३ रुपये. पाचव्या घाताला चारच वेळा, हे लक्षात ठेवा, कारण पहिला घात पडद्यावर आधीच असतो.

भागाकारात मोजणी बदलते. व्याज १० टक्के धरा: १.१, भागिले दोनदा, मग १, आणि ‘बरोबर’ पूर्ण पाच वेळा. प्रत्येक दाबाला एकेका वर्षाचा डिस्काउंट फॅक्टर, म्हणजे त्या वर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत, समोर येतो: ०.९०९, ०.८२६, ०.७५१... आणि पाचव्यानंतर ‘जीटी’ (ग्रँड टोटल) दाबलं की सगळ्यांची बेरीज, ३.७९०८. हाच ॲन्युइटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सारख्या हप्त्याचा, फॅक्टर! पाच वर्षांत फेडायच्या ५ लाखांच्या कर्जाला याने भागा, वर्षाचा हप्ता १,३१,८९९. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना दाखवून आले. त्यांनी कणीक मळता मळता विचारलं, “म्हणजे आता सुटणार ना?”

एक सवय मात्र लावून घ्या. नवं गणित सुरू करण्याआधी ‘एसी’ दाबायचंच. जुनी जीटी राहिली तर बेरीज चुकते, आणि चुकीचं उत्तरही पर्यायांत हजर असतं.

माझ्याकडे आधी स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेला एक बिनानावाचा स्वस्त कॅल्क्युलेटर होता. त्यावर ही युक्ती चालेना, ‘बरोबर’ दुसऱ्यांदा दाबलं की आकडा तिथेच थांबायचा. म्हणून कुठल्याही कंपनीचा घ्या, पण दुकानातच उभं राहून १.०८ करून बघा. माझा साडेचारशेच्या आत मिळाला.

आता वेळेबद्दल, कारण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांचा प्रश्न तोच असणार. कॅश टॅली होऊन घरी पोचायला सव्वासात होतात. नंतर जेवण, लेकीचा अभ्यास. रात्री पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानाला डोळे मिटतात. माझ्या हातात होती ती एसटीतली जाता-येता चाळीस-चाळीस मिनिटं. गाडीत लिहिता येत नाही, वाचलं तर मळमळतं. कॅल्क्युलेटर मात्र मांडीवर ठेवून चालतो. दहा गणितं आदल्या रात्री कागदावर उतरवायची, सकाळी गाडीत फक्त बटणं दाबायची. बटणं मोठी आहेत, दोन शून्यांचं वेगळं बटण आहे, चुकलेला एक अंक मागे जाऊन पुसता येतो. महिन्याभरात बोटांना सवय झाली आणि डोकं प्रश्न वाचायला मोकळं राहिलं. ताळेबंद, रेशो, घसारा हे धडे मी रविवारी सकाळी केले. ते वाचूनच करावे लागतात, तिथे या यंत्राचा फारसा उपयोग नाही.

साठ महिन्यांच्या हप्त्याला साठ वेळा दाबत बसू नका. वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का. १.०१ चा बारावा घात अकरा दाबांत, मग त्या उत्तराचा पाचवा घात चार दाबांत: १.८१६७. याने १ ला भागा, उत्तर १ मधून वजा करा, ०.०१ ने भागा: ४४.९५५. कर्जाच्या रकमेला याने भागलं की महिन्याचा हप्ता.

गेल्या आठवड्यात एक प्राथमिक शिक्षक काउंटरला आले. ५ लाख, १२ टक्के, पाच वर्षं, हप्ता किती बसेल? लोन ऑफिसर जेवायला गेले होते. मी ड्रॉवरमधून कॅल्क्युलेटर काढला आणि ११,१२२ सांगितले. साहेब आल्यावर त्यांनी सिस्टीमवर काढले. ११,१२२.