मानवी चुकांच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर: वर्षभर वापरल्यानंतर

केमिकल प्रोसेस प्लांटमध्ये सेफ्टी बघणाऱ्या आमच्या टीमने एक्सेलच्या शीट बाजूला ठेवून मानवी चुकांच्या विश्लेषणाचं एक तयार पॅकेज घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. कामाची फोड करण्यासाठी एचटीए, कुठे काय चुकू शकतं ते शोधण्यासाठी शेर्पा, आणि चुकीची शक्यता काढण्यासाठी हार्ट व स्पार-एच, एवढं सगळं त्यात एकत्र मिळतं. पॅकेजचं नाव देत नाही, कारण त्याच्या बटणांपेक्षा आतल्या पद्धतींबद्दल जास्त सांगायचं आहे, आणि त्या पद्धती कोणाच्याही टूलमध्ये सारख्याच असतात.

माझं मत आधीच सांगतो. आमचे पैसे वसूल झाले ते कामाची फोड करण्याच्या भागात. आकडा देणारा भाग जपून वापरावा लागतो. दुहेरी तपासणीचं (एकाचं काम दुसऱ्याने तपासण्याचं) सेटिंग न बघता कोणी अहवाल छापला असेल, तर तो अहवाल पुन्हा करायला सांगा.

फोड करण्याची पद्धत तशी जुनी, 1967 च्या सुमाराची, ॲनेट आणि डंकन यांची. मोठं काम, त्याखाली उपकामं, त्याखाली प्रत्यक्ष कृती, असं झाड करत जायचं. एक्सेलमध्येही आम्ही हेच करायचो. फरक असा, की या टूलमध्ये प्रत्येक फांदीला ‘प्लॅन’ नावाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या पायऱ्या कोणत्या क्रमाने, कधी, कोणत्या अटीवर करायच्या, हे तिथे लिहावं लागतं. टँकर रिकामा करण्याच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, ‘व्हॉल्व्ह लाइन-अप तपासा’ (कोणते व्हॉल्व्ह उघडे, कोणते बंद ते बघा) अशी एकच ओळ होती. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर झाड लावून ऑपरेटरसोबत प्लॅन भरायला बसलो, तेव्हा त्या एका ओळीच्या पोटातून पाइप रॅकखालची वाकून जायची जागा निघाली, शेजारी-शेजारी असलेले दोन एकसारखे हँडल निघाले, आणि रात्री न वाचता येणारा टॅग निघाला. ‘साहेब, हे असं कोणी करत नाही,’ हे वाक्य मला ऑडिटमध्ये कधी ऐकू आलं नव्हतं. इथे ते पुन्हा पुन्हा ऐकू येतं, आणि दर वेळी झाडात एक खरी पायरी वाढते.

झाड तयार झालं की शेर्पाचा भाग प्रत्येक कृतीसमोर चुकांचे प्रकार ठेवतो: कृतीतली चूक, तपासणीतली, माहिती घेण्यातली, माहिती देण्यातली आणि निवडीतली. सगळे प्रकार सगळ्या पायऱ्यांना लावत बसलात तर तासाभरात टीम थकते आणि नुसतं ‘लागू नाही’ दाबत सुटते. म्हणून आधी फिल्टर लावा. त्या दोन हँडलसाठी ‘बरोबर कृती, चुकीच्या वस्तूवर’ हा प्रकार निवडला आणि बैठकीची चर्चा बदलली. ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग द्यावं, हे तोपर्यंतचं ठरलेलं उत्तर मागे पडलं. त्याऐवजी हँडलचा आकार बदलायचं ठरलं.

इथला सगळ्यात मोलाचा रकाना ‘रिकव्हरी’ हा आहे: झालेली चूक पुढच्या कोणत्या पायरीवर लक्षात येईल? तिथे लोक सर्रास ‘पॅनेलवर दिसेल’ असं लिहितात. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातात, 28 मार्च 1979 ला, पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हला बंद होण्याचा सिग्नल गेला की नाही एवढंच सांगत होता. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात उघडाच अडकला होता आणि ऑपरेटर तो बंद आहे असं धरून चालले होते. म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे: ‘पॅनेलवर दिसेल’ लिहिलं, की तो दिवा दिलेला हुकूम दाखवतो की खरी स्थिती, हेही शेजारी लिहायचं. टूल हे स्वतःहून विचारत नाही. विचारायला हवं.

आता आकडे. हार्टमध्ये आधी कामाचा प्रकार निवडायचा. सरावाचं, झटपट होणारं, कमी कौशल्याचं काम असेल तर मूळ शक्यता 0.02. मग चुकीला पोषक परिस्थिती जोडायची. वेळेची टंचाई असेल तर कमाल गुणक 11, पण तो किती प्रमाणात लागू करायचा हे स्लायडरवर तुम्ही ठरवता. स्लायडर 0.1 वर ठेवला तर उत्तर 0.04, आणि 0.4 वर ठेवला तर 0.1. आमच्या टीममधले दोन अनुभवी लोक याच दोन जागी थांबले होते, आणि दोघांकडे पटणारी कारणं होती. अहवालात मात्र फक्त उत्तर छापलं जातं. स्लायडरचं कारण लिहायची जागा पॅकेजमध्ये आहे, पण सक्तीची नाही. आम्ही ती सक्तीची केली आहे.

स्पार-एचचं गणित मात्र चोख आहे, हे मोकळेपणाने सांगतो. निदानासाठी (काय बिघडलं ते ओळखण्यासाठी) मूळ शक्यता 0.01, प्रत्यक्ष कृतीसाठी 0.001, आणि वेळ, ताण, गुंतागुंत, अनुभव यांसारखे आठ घटक, प्रत्येकाचा आपला गुणक. निदानाच्या कामात टोकाचा ताण (5), कमी अनुभव (10) आणि दिशाभूल करणारं पॅनेल (50) हे तीन गुणक सरळ गुणले तर ‘शक्यता’ 25 येते, जिला काही अर्थच नाही. तीन किंवा जास्त घटक प्रतिकूल असतील तर या पद्धतीत दुरुस्तीचं सूत्र वापरायचं असतं. पॅकेज ते आपोआप लावतं आणि उत्तर 0.96 देतं. शीटवर हे सूत्र कोणीतरी लक्षात ठेवून लावावं लागायचं.

माझी खरी तक्रार आहे ती दुहेरी तपासणीच्या डिपेंडन्सीच्या, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीवर किती अवलंबून आहे, या सेटिंगबद्दल. एकाने व्हॉल्व्ह लावला, दुसऱ्याने तपासला. दोघांची चुकीची शक्यता 0.01 धरली आणि दोघे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र मानले, तर गुणाकार येतो दहा हजारात एक. पण तपासणारा त्याच पाळीचा, त्याच कागदावर सही करणारा आणि शेजारीच उभा असेल, तर थर्प या चुकीची शक्यता काढायच्या आणखी एका पद्धतीच्या तक्त्याप्रमाणे ‘उच्च’ अवलंबन धरावं लागतं. मग दुसऱ्याची शक्यता 0.505 होते आणि एकूण उत्तर येतं साधारण दोनशेत एक. एका ड्रॉपडाउनने पन्नास पटींचा फरक पडतो! आणि हा ड्रॉपडाउन मुळात ‘शून्य अवलंबन’ वर ठेवलेला आहे. ज्या फॅक्टरीत दुसरी सही ही सवयीने होते, तिथे हे टूल धोक्याचं काम कागदावर सुरक्षित करून दाखवेल. पॅकेज बनवणाऱ्या कंपनीला आम्ही लेखी कळवलं आहे की हा रकाना रिकामा ठेवा, वापरणाऱ्याला निवडू द्या. ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं आहे.

अपघातानंतरच्या चौकशीसाठी एचएफॅक्सचं मॉड्यूलही आहे. ही पद्धत अपघाताची कारणं ऑपरेटरच्या कृतीपासून संस्थेच्या कारभारापर्यंत चार पातळ्यांवर शोधते. त्या पातळ्या बरोबर मांडल्या आहेत, पण यादीत ऑपरेटरची कृती सगळ्यात वर येते आणि घाईतला माणूस तिथेच थांबतो. आम्ही ते फारसं वापरत नाही.

एक उणीव सगळ्यात जास्त खटकते. झाड एका कामापुरतं असतं. दोन कामांच्या मधली, दोन पाळ्यांच्या मधली जागा त्यात येतच नाही. 1988 च्या जुलैमध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट आणि आगीत 167 माणसं गेली. तिथे एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला आहे, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नव्हती. दुरुस्तीचं एक झाड आणि पंप चालू करण्याचं दुसरं झाड, अशी दोन्ही अगदी नीट काढली तरी ही चूक कोणत्याच झाडात दिसणार नाही. आम्ही पाळीबदल हे स्वतंत्र काम म्हणून मांडलं, त्यात परमिट (दुरुस्तीच्या लेखी परवानग्या), बायपास केलेले इंटरलॉक (तात्पुरती बंद ठेवलेली आपोआप सुरक्षेची व्यवस्था) आणि अर्धवट राहिलेली कामं यांच्या पायऱ्या टाकल्या, आणि बाकीची झाडं त्याला हाताने लिंक केली. लिंक एकतर्फी राहते: मूळ झाड बदललं तर पाळीबदलाच्या झाडात काहीच कळत नाही, ते दर वेळी उघडून बघावं लागतं.

लायसन्स आम्ही पुढच्या वर्षासाठीही घेतोय. आकड्यांचा भाग सध्या फक्त दोन पर्यायांची तुलना करायला उघडतो, म्हणजे हँडल बदलल्यावर आणि न बदलल्यावर, स्लायडर जागचा न हलवता. नवीन घेणाऱ्यांनी डेमोमध्ये रंगीत आलेख बघत बसू नये. स्वतःचं एक खरं काम आणि ते रोज करणारा ऑपरेटर सोबत न्यावा, आणि डेमो देणाऱ्याला दुहेरी तपासणीचा ड्रॉपडाउन आधी उघडायला लावावा.